बांधावर ठेवलेले बूट

दिवाळीचे कंदील उतरले की आमच्याकडे दव पडायला लागतं. पहाटे वाडीत शिरलं की केळीच्या पानांवरून टपटप थेंब गळत असतात. सायकलच्या सीटवर बोट फिरवलं तर रेघ उठते. मी पदराने सीट पुसते आणि तो ओला पदर कमरेला खोचते. त्याचा गारवा कमरेला लागला की मला दर वर्षी तीच एक थंडी आठवते. बाकीच्या थंड्या एकमेकींत मिसळून गेल्या. कुठली मुलीच्या बारशाची आणि कुठली सासूबाईंच्या आजारपणाची, मला वेगळं करून सांगता येणार नाही. ही एक मात्र कुणात मिसळली नाही.

यंदा ती आठवायला दवासोबत फोनही आला. परवा शलाकाचा आवाज मोबाइलवर येऊन पडला. ती मला लिहीत नाही, बोलून पाठवते, कारण माझं बोट त्या पडद्यावर अक्षरं शोधत बसतं हे तिला ठाऊक आहे. "वयनी, यंदा शर्यत पुन्हा तिकडेच आहे. त्याच गावात. मी नाव देतेय. तुझं देऊ का?" एवढंच. मी ते ऐकलं, मग पुन्हा ऐकलं, आणि उत्तर दिलं नाही. विसरले म्हणून नाही. कुणी सरळ प्रश्न विचारला की माझं तोंड मिटतं, लहानपणापासून मिटतं. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा गुरुजी घरी विचारायला आले होते, पोरीला पुढे शिकायचंय का म्हणून. मी दाराआड उभी राहून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले. गुरुजी चहा पिऊन गेले.

शलाका कोण, ते सांगते. आमच्या वाडीतली फुलं पुड्या बांधून मी बोळिंजच्या इमारतींमध्ये पोचवते. तगर, जास्वंद, थंडीत शेवंती, चार दूर्वा, तुळशीचं पान. दाराच्या कडीला पुडी अडकवायची आणि पुढच्या दाराला जायचं. या कामात कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडतं. शलाका तिथेच तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. बँकेत नोकरीला होती, मूळची नगरकडची, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. तिच्या दाराला पुडी नसायची. तिला मी ओळखत होते ती रस्त्यावरची. डोक्यावर टोप, अंगाला घट्ट कपडे, पहाटेच सायकल घेऊन निघालेली.

एका पहाटे रस्त्यात आडवा चर खणून ठेवलेला होता. पलीकडे ती सायकल घेऊन थांबलेली, अलीकडे मी. मला पुड्या द्यायच्या होत्या. मी टोपली डोक्यावर घेतली, सायकल खांद्याला लावली, चरात उतरले आणि पलीकडे चढले. खाली उतरवून पुन्हा बसले, तर ती बघतच राहिलेली. म्हणाली, "ओ, एक मिनिट. हा खेळ आहे, माहितीये तुम्हाला? याच्या शर्यती असतात."

मला वाटलं थट्टा करते आहे. मी काही न बोलता निघाले. दुसऱ्या दिवशी ती खाली फाटकापाशी उभी होती, हातात मोबाइल, त्यात चित्र चाललेलं. कुठल्या तरी थंड देशातल्या बायका चिखलातून सायकली हाकत होत्या. चिखल फार झाला की उतरत होत्या, सायकल खांद्यावर टाकून पळत होत्या, आणि कोरडं आलं की पुन्हा चढत होत्या. तोंडं चिखलाने माखलेली, नुसते दात दिसत होते. मी हसले. भाताच्या लावणीच्या वेळी आम्ही अशाच दिसतो.

आपल्या देशातही आता ही शर्यत होते आणि सगळीकडून माणसं येतात, असं तिने सांगितलं. राज्यातून बायकांची नावंच फार थोडी आली होती, त्यामुळे तिने दिलेली आमची दोघींची नावं लागली. त्यात आमचं काही कर्तृत्व नव्हतं, हे शलाकानेच आधी सांगून टाकलं.

घरी मी हे यजमानांच्या कानावर घातलं. ते कमी बोलणारे आहेत, "जा" म्हणाले. सासूबाई अंगणात सुकेळी उलटत बसल्या होत्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळत घातली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हातातलं केळं तसंच धरून मला विचारलं, "सायकल खांद्यावर घिऊन पलायचं?"

मी हो म्हटलं.

"मंग ती सायकल तुला नेनार का तू सायकलला?"

पुढे महिनाभर त्या हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होत्या.

शलाकाकडे जास्तीची एक सायकल होती. तिचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. माझी फुलांची सायकल म्हणजे लोखंडाचं ओझं. ही उचलली तर हातात काही आहे की नाही असं वाटे. पहिल्या दिवशी मी ती जास्तच जोराने खांद्यावर घेतली आणि ती कानावर आपटली. पुड्या पोचवून झाल्या की उजाडता उजाडता आम्ही निघायचो. शर्यतीत वाळू असते म्हणून कळंबच्या किनाऱ्याला, सुरूच्या झाडांतून खाली. ओहोटीच्या ओल्या वाळूत चाक घट्ट धावायचं आणि कोरड्या वाळूत एकदम बसायचं. शलाका म्हणायची, खाली बघू नका, जिथे जायचंय तिथे बघा. मला समोर बघायची सवय नाही. मी आजही चालते ती खाली बघूनच. पण त्या दिवसांत मान वर करायला शिकले, आणि पाहिलं तर समुद्रावर होड्या उभ्या असायच्या, त्यांच्या काठ्यांवर फडकी, आणि मागून ऊन येऊन पाण्यावर पसरत असायचं. जन्म इथे गेला, पण मी ते तेव्हा पाहिलं.

चिखल मात्र थंडीत मिळत नाही. भात कापून झालेलं, शेतं सुकलेली, उरलेल्या ओलीवर वाल पेरलेला. चिखल फक्त आमच्या वाडीतल्या बावखलाच्या काठाला. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं, जुन्या माणसांनी वाडी शिंपायला खणलेलं. थंडीत पाणी आत सरकतं आणि कडेला काळा मऊ चिखल उघडा पडतो. तिथे आम्ही फेऱ्या मारायचो. काठाला आलं की मी चपला काढून बांधावर ठेवायची आणि मग उतरायची. शलाकाने पहिल्या दिवशी काही विचारलं नाही, तिनेही बूट काढले आणि माझ्या बाजूला ठेवले. ओल्या जमिनीत पायताण घालून उतरायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवत नाही. सासू सुनेला सांगत नाही, आई लेकीला सांगत नाही. बांध आला की पायातलं आपोआप निघतं.

सासूबाई माडाखाली बसून बघायच्या. एकदा त्यांनी विचारलं की पहिली आलीस तर काय देणार आहेत. शलाका म्हणाली, "आई, आम्ही पहिल्या-बिहिल्या काय येत नाही. आम्हाला घंटा ऐकायचीये."

शर्यतीतली शेवटची फेरी राहिली की पितळी घंटा वाजवतात. पण ती सगळ्यांच्या नशिबी नसते. पुढच्या बाया इतक्या पुढे गेल्या की मागून येऊन तुम्हाला गाठतील, असं दिसलं तर मागच्यांना आधीच बाहेर काढतात. तिने आधीच्या वर्षी एकटीने जाऊन बघितलं होतं. तिला दोन फेऱ्या उरलेल्या असताना काढलं होतं. मला म्हणाली, "शेवटून पहिलं आलो तरी चालेल. पण घंटा आपल्यासाठी वाजायला पाहिजे." तेव्हापासून मलाही तेच हवंसं झालं. याआधी मला काय हवं आहे ते मी कधी ठरवलं नव्हतं. हवं-नको घरच्या सगळ्यांचं मिळून असायचं, त्यातच माझं येऊन जायचं. ती घंटा मात्र माझी स्वतःची होती.

वसई रोडहून आम्ही कर्नाटकाकडे जाणारी लांबची गाडी धरली. सायकलींची चाकं काढून सगळं जुन्या गोधड्यांत बांधलं आणि सीटखाली सरकवलं. हँडलची शिंगं तरी बाहेर राहिलीच. समोरच्या बाईंना वाटलं शिवणयंत्र आहे. त्यांच्या यजमानांना वाटलं पाळणा. शलाकाने खरं सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. ते माझ्याकडे बघून म्हणाले, या पण? मी साडीचा पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघत बसले. घाटात डोंगर जवळ येत होते. बोगदा आला की काचेत माझंच तोंड दिसायचं, बोगदा संपला की पुन्हा डोंगर. जेजुरीच्या पुढे मी कधी गेले नव्हते.

डब्यात भाकरी होती, वालाचं बिरडं होतं आणि सासूबाईंनी दिलेली सुकेळी, केळीच्या वाळल्या सोपटात घट्ट बांधलेली. शर्यतीआधी खायची म्हणून शलाकाने ती लपवून ठेवली, नाहीतर समोरच्या माणसांनी संपवली असती. मी तिला अजून मॅडम म्हणत होते. तिने मला घरच्यांचं ऐकून वयनी म्हणायला सुरुवात केली होती आणि मध्येच अगंतुगं करायची. गाडीत ती म्हणाली, आता तूही मला तू म्हण. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू काय? चिखलात पडले तर काय म्हणणारेस, मॅडम, आपण पडलात?"

मला इतकं हसू आलं की ठसका लागला. मॅडम मात्र तोंडातून जाईना.

फुलपुड्यांना मी जुने पेपर चौकोनी कापते. कापता कापता वाचते. त्यामुळे माझं सगळं वाचन अर्धवट आहे. एखादी हकीकत रंगात येते आणि तिथेच कात्री चाललेली असते. पुढचा तुकडा दुसऱ्या कुणाच्या दारावर लटकत असतो. मला त्याचं काही वाटत नाही, सवय आहे. पण त्या गावाहून परत आल्यानंतर कितीतरी दिवस मी पेपर कापताना थांबून राहायची, पुढचं वाचावंसं वाटायचं.

ते गाव उघड्या माळावर होतं. झाडं कमी, वारा फार. आमच्यासारखं ओलं हवामान नव्हतं, ओठ लगेच फुटले. एका टेकडीच्या पायथ्याशी शेतातून दोऱ्या बांधून वाट आखली होती. वाटेत चढ होते, फळ्या आडव्या लावल्या होत्या, वाळूचा खड्डा होता. आणि मधोमध ज्वारी काढून मोकळं केलेलं एक शेत नांगरून त्यात रात्रभर पाणी सोडलेलं होतं. काळी माती पाणी पिऊन फुगली होती. तिचा वास आला आणि माझी भीती गेली. सगळं परकं होतं, माणसांची भाषा परकी होती, पण हा वास ओळखीचा होता.

बायांच्या रांगेत आम्ही सगळ्यांत मागे होतो, माझ्या पायात शर्यतीपुरते घेतलेले नवे बूट. शिट्टी झाली. पुढच्या पोरी वाऱ्यासारख्या गेल्या. मी माझ्या चालीने निघाले. फळ्यांपाशी उतरले, चढले. वाळू पार केली. मग ते शेत आलं, त्याचा बांध आला.

मी उतरले. सायकल खांद्याला टेकवून धरली. खाली वाकले, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले आणि बांधावर जोडीने ठेवले, टाचा शेताकडे, जसे घरी ठेवते तसे. आणि मग चिखलात उतरले.

हे करताना मला काही चुकतं आहे असं वाटलंच नाही. उलट इतकं बरं वाटलं. बोटांमधून गार चिखल वर आला, पाय कुठे धरतो आणि कुठे सोडतो ते कळायला लागलं. पुढे दोन पोरी गुडघ्यापर्यंत रुतून उभ्या होत्या, त्यांच्या बाजूने मी सरळ पलीकडे गेले. सायकल खाली ठेवली आणि अनवाणीच बसले. चढाच्या तोंडाशी शिट्टी गळ्यात घातलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी हात आडवा केला.

"मॅडम, जूता किधर है?"

मी मागे बोट दाखवलं. त्यांनी पाहिलं. बांधावर माझे बूट नीट ठेवलेले होते, शेजारून बाया पळत होत्या. ते म्हणाले, बुटांशिवाय पुढे सोडता येत नाही, पायाला लागलं तर जबाबदारी आमची. मला कारण सांगता येत होतं, एका वाक्याचं कारण होतं. पण तोंड मिटलेलंच राहिलं. पाय चिखलाचे, सायकल हातात, मी उभी. मागच्या दोघी चिखलातून निघून माझ्या बाजूने पुढे गेल्या.

तेवढ्यात शलाका आली. ती चिखलातून धडपडत येत होती, सायकल खांद्यावर, आणि हँडलच्या दोन्ही शिंगांवर माझा एक एक बूट अडकवलेला. ती इतकी हसत होती की तिला श्वास घेता येत नव्हता. बूट माझ्या हातात देऊन म्हणाली, "घे. देवळात नाही आलोत आपण."

शिट्टीवाले गृहस्थ काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. मी खाली बसून नाड्या बांधल्या, थोडी लाजत, थोडी हसत.

पुढच्या फेरीला बुटांसकट चिखलात उतरले. प्रत्येक पायाला मातीचा गोळा लागला, पाय उचलला की शेतही उचललं जात होतं. माझ्यापुढे शलाका होती. मध्यावर तिचा पाय आत गेला आणि ती सायकलीसकट आडवी झाली. क्षणभर हलेना. कडेची माणसं ओरडत होती, त्यांच्या भाषेत. मी मागून ओरडले, "शलाका, ऊठ गं. ऊठ, चल."

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. ती उठली. वळून बघितलं, दात दिसले नुसते. मग आम्ही दोघी पुढे-मागे करत राहिलो. चढावर ती पुढे, चिखलात मी पुढे. आणखी एक फेरी झाली. घंटेच्या जागेपाशी आलो तेव्हा तिथे झेंडा घेतलेला माणूस उभा होता. त्याने दोरी वर उचलली आणि आम्हाला बाजूला यायची खूण केली. पुढच्या पोरी आमच्या मागे येऊन पोचल्या होत्या.

आम्ही दोरीबाहेर आलो आणि घंटा वाजली. आमच्या अगदी कानाशी. त्या पोरी वाकून सायकली मारत गेल्या, त्यांच्यासाठी ती वाजत होती. शलाकाने माझा हात धरला होता, चिखलाचा हात चिखलाच्या हातात. घंटेचा नाद बराच वेळ राहिला, मग वाऱ्याने नेला.

नंतर आम्ही बांधावर बसलो. पोटऱ्यांवरचा चिखल वाळून तडकत होता. सुकेळी सोडली. शिट्टीवाले गृहस्थ आले, त्यांनाही एक दिलं. ते चावत चावत उभे राहिले, हे कसलं फळ विचारलं, आणि घरी न्यायला आणखी एक मागून घेतलं. ते गेल्यावर शलाका म्हणाली, "तू त्यांना सांगायचंस ना."

"काय सांगायचं?"

"की शेत आहे म्हणून."

मी पोटरीवरची चिखलाची खपली काढत राहिले. ती समोर बघत म्हणाली, "एक फेरी राहिली, वयनी." तिच्या बोलण्यात राग नव्हता, दुःखही नव्हतं. गावाला जाताना एखादी वस्तू घरी राहिली असं आपण म्हणतो, तसं म्हणाली.

त्याच थंडीच्या शेवटी, वालाच्या शेंगा भरल्या तेव्हा, आम्ही वाडीत उकडहंडी लावली. मडक्यात कंद, शेंगा, वांगी, वर पाला, बाहेरून आच. शलाका धुराने डोळे पुसत होती. मला वाटलं धुराचंच आहे. मग तिने सांगितलं की बँकेने बदली केली, नागपूरला. सासूबाईंनी तिच्या पानात आणखी एक कंद वाढला. जाताना जास्तीची सायकल ती मागे ठेवून गेली, म्हणाली, तिथे दोन कुठे ठेवू.

ती सायकल पडवीत टांगलेली आहे. दर गणपतीला मी ती पुसते. शलाकाचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, फोटो आले. ती मधूनमधून आवाज पाठवते, मी फुलाचं चित्र पाठवते. बोळिंजला आता पुड्या कमी झाल्या, लोक फुलंही मोबाइलवरून मागवतात. आजूबाजूची बावखलं बुजली, आमचं अजून आहे. माझे गुडघे पहाटे कुरकुरतात. पुड्या देताना तिच्या जुन्या मजल्यावर गेले की हात दाराकडे जातो, तिथे पुडी द्यायची नसते तरी. त्या दारावर आता दुसरी पाटी आहे.

मला नेमकं काय हवं होतं, याचा विचार मी या दोन दिवसांत पुष्कळ केला. राहिलेली फेरी हवी आहे, हे खरं आहे. घंटा हवी आहे. पण डोळे मिटले की मला ती घंटा ऐकू येत नाही. दिसते ती चिखलातून हसत येणारी शलाका आणि शिंगांवर अडकवलेले माझे बूट. त्याआधी माझ्यामागे कुणी काही उचलून आणलं नव्हतं.

आज पहाटे पुड्या देऊन आले आणि ती सायकल पडवीतून खाली काढली. चाकांत हवा भरली. बावखलापाशी नेली. धुकं पाण्यावर बसलेलं होतं, पाणकोंबडी कुठेतरी आत ओरडत होती. उत्तर द्यायचंच असं ठरवून मी मोबाइलचं बटण दाबलं. जमणार नाही, असं म्हणणार होते. वय झालं, घरचं बघावं लागतं, तू जा, असं सगळं मनात लावून ठेवलं होतं. बटण दाबून धरलं आणि काही सुचेना. तशीच चपला काढून बांधावर ठेवल्या, एका हाताने सायकल खांद्यावर घेतली आणि चिखलात उतरले. पलीकडे पोचेपर्यंत बोट बटणावरच होतं. सुटलं तेव्हा ते सगळं तिकडे गेलं. एक शब्दही नाही, नुसता पायांचा चपकचपक आवाज, माझा श्वास, आणि ती पाणकोंबडी.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय धुवेपर्यंत उत्तर आलं.

"चपला काढल्यास," शलाका म्हणाली, झोपेतून उठल्यासारख्या आवाजात. मागे तिची मुलगी काहीतरी विचारत होती. मग पुन्हा तीच. "बूट मी उचलते यंदाही. तू फक्त ये."

घरी आले तर सासूबाई अंगणात बसल्या होत्या. आता त्यांना नीट दिसत नाही, केळी सोलतात ती हाताने चाचपून. मी त्यांच्यापाशी बसले आणि म्हटलं, आई, यंदा सुकेळी थोडी जास्त करा.

त्यांनी वर बघितलं नाही. हातातलं केळं चटईवर ठेवलं, बोटं लुगड्याला पुसली आणि विचारलं, "आता तरी सांग, ती सायकल तुला नेनार का तू सायकलला?"